पांढऱ्या साडीचा खुलासा

देवळाली प्रवरा,
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप वन्सं,

सत्यशीलेचा वाकून नमस्कार. (समोर असता तर पायच धरले असते. पत्रात तशी सोय नाही, म्हणून हा नमस्कार नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून केलाय असं समजावं.) इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे रविवारी लग्न असलेल्या घरात जेवढं असू शकतं तेवढं. तुमचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावता का, की तेही तसंच फडताळात ठेवलंत? कालवड आता चारा खाते का? दाजींची तब्येत उत्तम असेलच. थंडी अजून आहे, तेव्हा पहाटे गोठ्यात जाताना कानाला बांधत जा.

वन्सं, मी तुम्हाला फोन लावून लावून दमले. आधी नुसता वाजून थांबायचा, मग मधेच कट व्हायला लागला, आणि आता ती बाई सांगते की तुम्ही दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहात. तुम्ही सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कुणाशी बोलत असाल असं मला वाटत नाही. मला ब्लॉक केलं असणार, असं रेश्मा म्हणते. म्हणून हे पत्र. शेजारचे वैजनाथ बियाणं आणायला पाथर्डीला निघालेत, त्यांच्या हाती देते. तुमचं वाचून होईपर्यंत ओट्यावरून हलायचं नाही, असं त्यांना बजावलंय. तेव्हा त्यांना चहा द्यावा. साखर कमी.

तर मुद्द्यावर येते. मेंदीला नेसायला म्हणून आम्ही पाठवलेली पांढरी साडी तुम्ही एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती परत केलीत. केलीत तर केलीत, आहेर परत करायचा तुमचा अधिकार आहे. पण सोबतचा निरोप त्या कंडक्टरनं स्टँडवर, अख्खी गाडी खिडकीतून बघत असताना, तुमच्या भावाला खणखणीत आवाजात ऐकवला : "तुमच्या बहिनीनं सांगितलंय, माझा नवरा जित्ता हाय!" हे फक्त "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? गाडीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मात्र "मग चांगलंच हाय की" असा शेरा मारला.

वन्सं, दाजी आहेत हे आम्हाला माहीत आहे. ते शंभर वर्षं जगावेत आणि तुमचं कुंकू तेवढंच टिकावं, यापलीकडे आमच्या मनात कधी काही आलं नाही. मामंजींनी तुम्हा भावंडांची नावं रामायणातून ठेवली, पण दोन्ही समुद्राच्या पलीकडची. तुम्ही लंका, आणि हे बिभीषण. त्यामुळे तुमचं बिनसलं की, लोक ठपका आपल्यावरच ठेवणार अशी यांना धास्ती असते. साडी परत आल्यापासून ते धड जेवलेले नाहीत. (म्हणजे जेवतात, पण दुसऱ्यांदा वाढून घेत नाहीत.) म्हणून काय घडलं ते मी पहिल्यापासून लिहिते. मग तुम्हीच ठरवा, चूक कुणाची.

सुरुवात झाली ती मोबाईलवर. लग्न ठरल्यावर दोन्हीकडच्या मंडळींचा एक ग्रुप झाला. एक दिवस त्यावर एक कार्ड येऊन पडलं. वर दोन हंस, खाली रेश्मा आणि समर्थ अशी नावं, आणि मधे चंदेरी अक्षरांत लिहिलेलं की मेंदीला सर्वांनी पांढऱ्या पोशाखात यावं. कार्ड टाकलं होतं आपल्या राहुरीच्या फोटोवाल्या कल्याणनं, पण फोटोवाला आपल्या मनानं काही टाकत नसतो, त्याला कुणीतरी सांगितलं असणार, असं आम्ही धरून चाललो. तेवढ्यात कोपरगावहून विहीणबाईंनी, म्हणजे समर्थच्या आईनं, मुक्ताबाईंनी, त्या कार्डाखाली दोन जोडलेले हात टाकले. हे म्हणाले, "बघ, हात जोडून सांगतेत बिचाऱ्या. त्यांच्यात पद्धत असंल." मग आम्हीही खाली दोन हात जोडले. झालं. पांढरं पक्कं झालं.

रेश्मानं मेंदीसाठी स्वतःच्या पगारातून राणी रंगाचा घागरा आधीच आणून ठेवला होता. कपाटाच्या दाराला टांगलेला असायचा, येता-जाता त्याला हात लावायची. कार्ड आलं त्या संध्याकाळी तिनं तो काढून आत ठेवला. मी भाकरी थापत होते. माझ्यापाशी येऊन बसली, चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे केलं आणि म्हणाली, "आई, मेंदीलासुद्धा ज्यांना रंग चालत नाही, त्यांच्या घरात मी मोठ्यानं हसलेलं चालंल का गं?" तुमच्या भाचीचं हसणं तुम्हाला माहीत आहे. ती इथं हसली की पाटापलीकडची कुत्री उठून बसतात. मी म्हटलं, "एका दिवसाचं तर आहे, घाल की." असं म्हटलं खरं, पण तव्यावरची भाकरी करपवली. समर्थला सरळ फोन करून विचार, असंही मी तिला सुचवलं. ती म्हणाली, "त्यांच्या आईची हौस असणार, त्यांना कशाला अडचणीत टाकू?" (लग्नाआधीच एवढी समजूतदार पोरगी बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं.)

मग आम्ही तिघं नगरला कापड बाजारात गेलो. वन्सं, पांढरा हा एक रंग आहे असं आजवर मी समजत होते. तसं नाही. दुकानदारानं आमच्यासमोर गादीवर एकावर एक ठाण सोडले आणि प्रत्येकाचं वेगळं नाव सांगायला लागला. हे एकेका कापडावर बोट ठेवून विचारत होते. "ह्यो पांढरा न्हाई व्हय?" तो म्हणे, "नाही, हा आयव्हरी." "आन् ह्यो?" "हा मोतिया." "मंग ह्यो तरी?" "हा ऑफ-व्हाइट." हे घाम पुसत म्हणाले, "आवं, तुमच्याकडं नुसता पांढरा कुठाय?" दुकानदार म्हणाला, "नुसता आता कोणी घेत नाही साहेब." शेवटी यांनी सगळा प्रश्न आपल्या परीनं सोडवला. "हे बगा," म्हणाले, "गाईच्या दुधावानी पायजे का म्हशीच्या, येवढंच ठरवायचंय." मला हसू आलं, पण दुकानातल्या दोन बायका गंभीरपणे विचार करायला लागल्या आणि दुकानदारानंही ठाणांचे दोन ढीग केले, गाईचा वेगळा, म्हशीचा वेगळा. विश्वास ठेवा, त्यानंतर खरेदी भराभर झाली. रेश्माला म्हशीच्या दुधाचा, जरीच्या बुट्ट्यांचा घागरा घेतला. तिनं आरशात पाहिलं नाही. "मापाला बसतोय" एवढंच बोलली.

यांना काही घ्यावं लागलं नाही. पुरुषांचं बरं असतं. आपल्याकडचे पुरुष जन्मभर पांढऱ्यात वावरतात आणि त्याला कुणी थीम म्हणत नाही.

मग माझी पाळी आली. (इथं जे घडलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. हे तुम्हाला सांगतील त्यापेक्षा मीच सांगते.) मी एक पांढरी साडी खांद्यावरून घेऊन आरशासमोर उभी राहिले. हे तेवढ्यात चहा सांगायला बाहेर गेले होते. शेजारी एक बाई बसली होती, चांगल्या घरची, माझ्याच वयाची. ती उठून जवळ आली, माझ्या हातावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "कधी झालं हो?" मला आधी कळेना. मला वाटलं लग्नाचं विचारतेय, म्हणून मी म्हटलं, "अजून व्हायचंय, महिन्याभरात आहे." वन्सं, त्या बाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेवढ्यात हे चहाचे ग्लास घेऊन दारात आले आणि मी म्हटलं, "हे काय, आलेच." ती बाई पिशवी तिथेच विसरून निघून गेली. मागाहून नोकराला पाठवून तिनं पिशवी मागवून घेतली. त्या क्षणी मला तुमची आठवण झाली होती, आणि मी दुकानदाराला स्पष्ट सांगितलं होतं की माझ्या नणंदेची साडी कोरी पांढरी नको, तिला चांगला वीतभर हिरवा काठ हवा, पदर भरगच्च हिरवा हवा आणि आत हिरवा खण हवा. त्यानं सगळी साड्यांची चळत उपसून ती शोधली. माझ्या साडीपेक्षा ती भारी आहे. फक्त त्यानं घडी अशी घातली की काठ आणि पदर आत गेले आणि वर दिसायला राहिलं नुसतं पांढरं. वन्सं, तुम्ही परत पाठवलेली साडी मी उघडली तेव्हा दुकानातली टाचणी जागच्या जागी होती. तुम्ही घडी मोडलीच नाहीत. मी रागानं म्हणत नाही. मी असते तर मीही मोडली नसती, कंडक्टरही तोच शोधला असता.

आता मेंदीच्या दिवसाचं ऐका. कल्याण सकाळीच शिडी आणि ड्रोन घेऊन हजर. मांडव पांढरा, गाद्या पांढऱ्या, फुलं पांढरी. सगळं झाल्यावर तो कॅमेऱ्यातून बघून म्हणाला, "काका, म्हैस फ्रेममध्ये येतेय, थीम बिघडतेय, हलवता का?" हे म्हणाले, "ती घरची हाय. तिला काय आता पांढरं नेसवू?" पण हलवली. दहाच्या सुमारास दारात उभ्या असलेल्या यांना रस्त्यानं जाणाऱ्या एकानं मोटरसायकल थांबवून विचारलं की, मीटिंग कारखान्याच्या इलेक्शनची आहे का, आणि जेवण आहे का. यांनी त्यालाही आत घेतलं. तो शेवटपर्यंत होता. चांगला माणूस निघाला, पाणी वाढू लागला.

मग पाहुणे आले. गाडीतून आधी मुक्ताबाई उतरल्या, नखशिखान्त पांढऱ्या रेशमात. डॉक्टरांनी त्याच सकाळी गोड बंद केल्यासारखं तोंड. त्यांच्यामागे जावा, भावजया, सगळ्या पांढऱ्या आणि सगळ्या तशाच. मी म्हटलं, "किती शोभतंय तुम्हाला." त्या म्हणाल्या, "तुम्हालाही." समर्थ उतरला, त्यानं रेश्माकडे बघितलं, रेश्मानं त्याच्याकडे बघितलं, दोघंही शोकसभेत हसावं तसं हसले. मेंदी सुरू झाली. कुणी गाणं म्हणेना. हिरवी ओली मेंदी आणि पांढरे कपडे, त्यामुळे प्रत्येक बाई हात असे अधांतरी धरून बसली होती, जणू पोलिसांनी हात वर करायला सांगितलेत.

तुमचं माहेर तुम्ही विसरला नसाल. साखर कारखान्याचा हंगाम चालू असला आणि वारा फिरला की आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. जेवणं व्हायच्या आधी वारा फिरला. कारखान्याच्या धुराड्यातली पहिली काजळी मांडवाच्या कडेनं अलगद येऊन मुक्ताबाईंच्या मांडीवर बसली, मोहरीएवढी. त्यांनी ती बोटानं झटकली, तर तिची वितीएवढी रेघ झाली. मग दुसरी आली. मग काळं भुरभुरायलाच लागलं. गादीवर, फुलांवर, श्रीखंडावर, समर्थच्या नव्या कुर्त्यावर. झटकावं तर फासतंय, न झटकावं तर साचतंय. आणि एवढं होऊनही कुणी ब्र काढेना, कारण ज्यांची हौस त्यांना वाईट वाटेल, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. माझ्या नाकावर काळा डाग पडला होता, तो मला नंतर फोटोत दिसला.

शेवटी मुक्ताबाईंचा बांध फुटला. त्या उभ्या राहिल्या, पदराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "विहीणबाई, राग मानू नका. तुमच्या हौसेखातर आम्ही सगळं केलं. माझ्या सासूबाई तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत या साडीपायी. पण हे पांढऱ्याचं खूळ तुमच्या घरात नक्की कुणाचं, तेवढं सांगा!"

मी म्हटलं, "आमच्या? अहो, आम्हाला वाटलं तुमचं!"

"आमचं? आम्ही तर हात जोडले, म्हटलं आता काय करायचं!"

"आम्हीही म्हणूनच जोडले!"

रेश्मा पाटावरून समर्थला म्हणाली, "तुम्हाला आवडतं ना पांढरं?" तो म्हणाला, "मला? मला वाटलं तुला मोठ्या शहरातल्यासारखं करायचंय. मी घाबरलो होतो, म्हटलं हिच्या आवडीनिवडी आपल्याला झेपतील का." मग सगळ्यांचं एकाच वेळी लक्ष शिडीवर गेलं. कल्याण वरच होता. त्याला उतरता येईना, कारण शिडीखाली हे येऊन उभे राहिले होते. तो वरूनच बोलला, "काका, ते कार्ड पुण्याच्या एका पार्टीचं होतं. मी फक्त नावं बदलली. पांढऱ्यावर फोटो बरे येतात."

वन्सं, एक क्षणभर मला वाटलं की आता मोडतंय. मुक्ताबाईंचे दीर बाह्या सारत पुढे सरसावले होते, आणि आपली बाजू म्हणजे तुमचा भाऊ, त्यांनी तर शिडीला हातच घातला होता. तेवढ्यात रेश्मा हसली. तिचं ते हसणं. आधी हुंदक्यासारखं वाटलं म्हणून मी धावले, तर ती मेंदीचे दोन्ही हात हवेत धरून, काजळीनं माखलेल्या घागऱ्यात, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. पाटापलीकडची कुत्री भुंकायला लागली. मी भीत भीत विहीणबाईंकडे बघितलं. तर त्या तिच्याहून मोठ्यानं हसत होत्या. इतक्या मोठ्यानं, की समर्थ लाजून म्हणाला, "आमच्या घरी हे असंच असतं." माझ्या पोरीनं त्याच्याकडे जे बघितलं, ते बघायला तुम्ही हव्या होतात. महिनाभर तिच्या छातीवर ठेवलेला दगड उतरताना मी डोळ्यांनी पाहिला.

त्यानंतर कुणी कुणाचं ऐकलं नाही. सगळ्या बायका घरात शिरल्या आणि जे हाताला लागेल ते नेसून बाहेर आल्या. माझं कपाट रिकामं झालं. शेजारून साड्या आल्या, तरी पुरेनात, म्हणून आणखी इकडून तिकडून काढल्या. कुणाचा ब्लाउज कुणाला बसेना, लाल साडीवर पिवळा, हिरवीवर जांभळा. रेश्मानं राणी रंगाचा घागरा घातला. गाणी झाली. इलेक्शनची मीटिंग समजून आलेल्या त्या माणसानं हलगी वाजवली. कल्याणला यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, पण म्हशीचा एक फोटो काढायला लावला, एकटीचा, मांडवात मधोमध.

तर वन्सं, झालं ते एवढं. तुमच्या वाईटावर कुणी नव्हतं. आम्ही सगळेच एकमेकांचं मन राखता राखता पांढरे झालो होतो. उद्या संध्याकाळी हळद आहे. रेश्मानं जाहीर केलंय की पहिली हळद आत्या लावणार, नाहीतर ती पाटावर बसणार नाही. तुमचा भाऊ मघाशी स्टँडवर जाऊन पाथर्डीच्या गाड्यांच्या वेळा विचारून आलाय, कंडक्टर तोच आहे का याचीही चौकशी करून आलाय. तुम्ही काहीही नेसून या. हिरवं नेसा, लाल नेसा, पण या. तुमच्याशिवाय या घरात कुणी कुणाला रागवत नाही, आणि लग्नघर असं ओकंबोकं बरं दिसत नाही.

धाकट्यांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, आणि तुम्हाला पुन्हा एकदा, आणखी जरा वाकून.

तुमची,
सत्यशीला

ता. क. : हळदीला मुक्ताबाई येतील तेव्हा त्यांच्या अंगावर एक मोरपंखी साडी असेल. ती बघून तुम्ही "अगंबाई, किती छान!" एवढंच म्हणावं, ही माझी खरी विनंती. साड्या कमी पडल्या तेव्हा माहेरच्या माडीवरची तुमची लोखंडी पेटी उघडावी लागली. मी त्यांना नेसण्यापुरती दिली होती, पण त्या जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या, "विहीणबाई, इतकी जपून ठेवलेली साडी मायेनं दिलीत, ही मी मरेपर्यंत कुणाला देणार नाही." मला पुढे बोलवेना. पदराला थोडी मेंदी लागली आहे.

ता. क. २ : कुलूप तोडलं नाही, किल्लीनं उघडलं. किल्ली दाजींकडे होती. दाजी त्या दिवशी कांदे घेऊन नगरला गेले होते असं त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल, ते अगदी खरं आहे. फक्त नगरहून ते इकडे आले, श्रीखंड खाल्लं, दोन गाण्यांवर नाचले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. हे तुम्हाला सांगायचं नाही असं मी त्यांना वचन दिलं होतं, तेव्हा तुम्ही वाचलंच नाही असं समजा. पेटीतून ती साडी निवडूनही त्यांनीच दिली. म्हणाले, "हीच द्या. ही लंकेला कधी शोभलीच न्हाई." हे वाक्य मी खोडणार होते, पण वैजनाथ गाडी सुरू करून उभे आहेत.